फेविकॉल, फेविक्विक की अराल्डाइट? मॉडेल विमान बनवताना कुठे काय चिकटवायचं?

गोंदिया हे नाव कुठून आलं, याची एक गोष्ट आपल्याकडे सांगतात. गोंड लोक जंगलातला गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख गोळा करून इथल्या बाजारात विकायला आणायचे, म्हणून गोंदिया. गोष्ट किती खरी यावर वाद घालता येईल, पण हा पट्टा डिंक-लाखेचा आहे यात वाद नाही. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. त्याच गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली आणि आज तिथे पायलटचं ट्रेनिंग चालतं.

थोडक्यात काय, गोंद आणि विमान हे दोन्ही आपल्या घरचेच विषय.

त्यात आता रील बघून मॉडेल विमान बनवणाऱ्या पोरांची संख्या वाढली आहे. कुणी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बनवतं, कुणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकतं, कुणी नुसतं हौस म्हणून ऑनलाइन मोटर मागवतं. रीलमध्ये विमान दीड मिनिटात जोडून होतं आणि उडतंही. आपल्याकडे ते हवेत गेल्यावर पंख एकीकडे आणि मोटर दुसरीकडे जाते. दर वेळी डिझाइन चुकलेलं असतं असं नाही, बऱ्याचदा गोंद चुकलेला असतो.

सगळ्यात स्ट्राँग गोंद कोणता?

हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं की, मी काय कशाला चिकटवतोय आणि त्या जोडावर ताण किती येणार?

पंखाच्या मध्यभागाचं उदाहरण घ्या. तुमचं विमान ५०० ग्रॅमचं आहे. जोरात वळण घेताना त्यावर चौपट भार आला, तर त्या क्षणी पंखांना २ किलो वजन तोलावं लागतं. पंख वर वाकू पाहतो आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो मधल्या जोडावर. शेपटीवरच्या स्टिकरला आणि या जोडाला एकच गोंद कसा चालेल?

आधी एक युद्धातली गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांकडे ‘मॉस्किटो’ नावाचं लढाऊ विमान होतं. डी हॅविलँड कंपनीचं हे विमान चक्क लाकडी होतं. मध्ये बाल्सा, दोन्ही बाजूंना प्लायवूड, आणि सगळं गोंदाने चिकटवलेलं. सुरुवातीला वापरलेला गोंद केसीनचा होता. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. पुढे त्याऐवजी फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला गोंद वापरायला लागले, कारण दमट हवेत केसीनचं काही खरं नसतं.

१९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटोचे पंख तुटून अपघात झाले. नोव्हेंबरमध्ये डी हॅविलँडची माणसं तपासाला भारतात आली. त्यांचं म्हणणं पडलं की गोंद खराब झालेला नाही, पावसाळी हवेमुळे लाकूड आकसलं. नंतरच्या चौकशीत मात्र दोष कारखान्यातल्या जोडणीवर आला, कारण पावसाळा कधीही न पाहिलेल्या विमानांतही तसेच सदोष जोड सापडले.

आपल्या कामाचा भाग हाच आहे. गोंद कितीही भारी असो, दोन तुकडे एकमेकांना नीट टेकलेच नाहीत तर तो काही करू शकत नाही. फट बुजवायला गोंद ओतणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड आहे. त्याने वजन वाढतं, ताकद वाढत नाही. आधी पॉलिश पेपर मारून तुकडे बसवा, गोंदाची बाटली नंतर उघडा.

लाकडासाठी फेविकॉल, आणि लाजायचं कारण नाही

फेविकॉल बाजारात आला १९५९ मध्ये, सुतारांसाठी. लोकांना वाटतं विमानासाठी काहीतरी इम्पोर्टेड लागत असेल. पण लाकडाला लाकूड जोडायचं असेल तर हा पांढरा गोंद आजही उत्तम आहे. तो लाकडाच्या रंध्रांत शिरतो आणि त्यातलं पाणी उडालं की आत घट्ट धरून बसतो. पाणी उडून गेल्यामुळे वाळल्यावर त्याचं वजन साधारण निम्मंच उरतं. विमानाच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. अर्धा-एक तास टाचण्या किंवा क्लिप लावून दाबून ठेवायचं आणि पूर्ण ताकदीसाठी रात्रभर सोडून द्यायचं. हा धीर नसतो म्हणून लोक फेविक्विककडे वळतात.

साध्या फेविकॉलला पाणी चालत नाही. पावसाळ्यात ओल्या गवतावर उतरणाऱ्या विमानाचे जोड मऊ पडू शकतात. सुतार दारा-खिडक्यांना जो मरीन प्रकारचा फेविकॉल वापरतात तो अशा वेळी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

दोन थर्माकोलच्या किंवा फोमच्या मोठ्या शीट एकमेकांवर चिकटवायच्या असतील तर फेविकॉल भरपूर फासू नका. फोम पाणी शोषत नाही, त्यामुळे मधलं पाणी बाहेर जायला वाटच राहत नाही. कडा वाळतात आणि आतला गोंद चार दिवसांनीही ओलाच असतो.

फेविक्विक : वेगवान, पण नाटकं फार

फेविक्विक, किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाने मिळणारा ‘सुपर ग्लू’, म्हणजे सायनोअॅक्रिलेट. हॅरी कूव्हर नावाच्या केमिस्टला हा पदार्थ १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडला. तो जिथे तिथे चिकटत होता म्हणून त्यांनी बाजूला ठेवला. १९५१ मध्ये पुन्हा हाती आला तेव्हा त्यातला धंदा लक्षात आला आणि १९५८ मध्ये तो गोंद म्हणून विक्रीला आला.

हा हवा लागून सुकत नाही. पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो घट्ट होतो. म्हणून आपल्याकडे जुलैमध्ये तो पटकन पकडतो आणि मे महिन्याच्या कोरड्या दुपारी जरा उशीर लावतो. तुकड्यावर तोंडाची वाफ सोडली की फरक दिसतो. याच कारणाने पावसाळ्यात उघडी नळी दोन दिवसांत दगड होते. झाकण लावून, सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट डब्यात ठेवा. न उघडलेली नळी फ्रिजमध्ये टिकते, फक्त बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा.

मॉडेलवाल्यांसाठी तो पातळ, मध्यम आणि घट्ट अशा प्रकारांत मिळतो. पातळ गोंद आधीच जुळवलेल्या जोडावर एक थेंब सोडला की आपोआप आत झिरपतो. घट्ट गोंद थोडीफार फट सांभाळतो. पण सुकल्यावर हा गोंद कडक आणि ठिसूळ होतो. सरळ ओढलं तर जोड धरून ठेवतो, आदळलं की कडकन तुटतो. लँडिंग गिअर फक्त फेविक्विकवर लावलं असेल तर पहिल्याच लँडिंगला ते मागे राहील आणि विमान पुढे जाईल.

साधा फेविक्विक थर्माकोलवर टाकू नका, तो थर्माकोल खातो. थेंब पडला की तिथे खड्डा पडतो. चपला-बुटांना लावतात तो रबरी सोल्यूशन प्रकारचा गोंदही हेच करतो, कारण त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं. फोमसाठी वेगळा ‘फोम सेफ’ सायनोअॅक्रिलेट मिळतो. शंका असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर एक थेंब टाकून दहा मिनिटं बघा. कॉकपिटच्या पारदर्शक प्लास्टिकलाही फेविक्विक नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते.

इथे खरंच जपा

फेविक्विक सांडला की आपण पटकन कापूस किंवा जुना बनियन घेऊन पुसायला जातो. असं करू नका. कापसाशी त्याची वेगाने रासायनिक क्रिया होते, एकदम उष्णता निर्माण होते आणि हात भाजू शकतो, धूरही निघतो. बोटं चिकटली तर ओढू नका, त्वचा सोलून निघेल. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर फक्त बोटांसाठी, डोळ्याजवळ अजिबात नाही. डोळ्यात गोंद गेला तर पापण्या जबरदस्तीने उघडू नका, कोमट पाण्याने धूत राहा आणि सरळ डॉक्टरांकडे जा. लहान भावंडं शेजारी बसून बघत असतील तर त्यांनाही चष्मा द्या, नाहीतर लांब बसवा.

काम खिडकी उघडून करा. सोल्यूशन प्रकारच्या गोंदाच्या वासाने डोकं दुखणं ही सुरुवात असते, आणि मुद्दाम वास घेण्याच्या नादी लागलेली पोरं आपल्या शहरांत कमी नाहीत. असा डबा मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये.

मोटर जिथे बसते तिथे इपॉक्सी

विमानाच्या नाकातली ज्या फळीवर मोटर बसते, तो सगळ्यात धोक्याचा जोड. ती फळी सुटली तर फिरत्या पंख्यासकट मोटर कुठेही जाऊ शकते, अगदी समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या मित्राकडेही. इथे अराल्डाइटसारखा दोन ट्यूबचा इपॉक्सी लावा. फळीच्या कडेला सुईने बारीक भोकं पाडून घेतली की गोंद आत जातो आणि खिळ्यासारखं काम करतो. पंखाचा मधला जोड आणि लँडिंग गिअरसाठीही हाच.

दोन्ही ट्यूबमधलं सामान कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच घ्या आणि मिनिटभर नीट घोटा. ‘हार्डनर थोडा जास्त टाकला की लवकर वाळेल’ हा गैरसमज आहे, त्याने जोड चिकट आणि कमजोर राहतो. घाई असेल तर पाच मिनिटांवाला घ्या, पण ताणाच्या जागी सावकाश वाळणारा अधिक मजबूत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पाच मिनिटांवाला इपॉक्सी त्याआधीच हातात गोळा होतो. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. सकाळी लवकर काम करा आणि थोडा थोडाच कालवा.

इपॉक्सीतलं काही उडून जात नाही. जितका लावाल तितकं सगळं वजन विमानात राहतं, त्यामुळे फक्त गरजेच्या जागी.

ग्लू गन, बांबू आणि बाकीचं

ग्लू गन फोम बोर्डच्या विमानासाठी झटपट आहे आणि सर्वो मोटर बसवायला तर मस्त, कारण नंतर काढता येते. पण हा गोंद उष्णतेने वितळतो, हेच त्याचं तंत्र आहे. भर उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेलं विमान बाहेर काढलं की जोड लोळागोळा झालेले सापडतात. विमान सावलीत ठेवा.

बाल्सा मूळचा इक्वाडोरकडचा, सागवानाच्या जवळपास चौथा हिस्सा वजनाचा, आणि भंडाऱ्यात ऑनलाइनच मागवावा लागतो. त्याऐवजी बांबूच्या कामट्या वापरत असाल तर बाहेरची चकचकीत साल तासून घ्या, तिच्यावर गोंद धरत नाही. जोडावर दोरा गुंडाळून त्यावर पातळ फेविक्विक सोडला की जोड पक्का होतो. दोरा सुती असेल तर वरची कापसाची सूचना इथेही लागू, थेंब-थेंबच टाका. कार्बनच्या दांडीला आधी पॉलिश पेपर, मग पुसणं, मग इपॉक्सी. निवडणुकीच्या बोर्डाचं ते नळीदार प्लास्टिक वापरणार असाल तर गोंदाचा नाद सोडा, स्क्रू आणि केबल टाय लावा.

पतंगाची खळ, म्हणजे भाताची पेज, कागदी ग्लायडरला आजही चालते. फक्त उंदीर आणि झुरळांनाही ती आवडते.

पहिल्यांदाच सामान घेत असाल तर एक छोटा फेविकॉल, फेविक्विकच्या दोन लहान नळ्या आणि एक पाच मिनिटांवाला इपॉक्सी एवढं पुरे. विमानाला हात लावण्याआधी दोन टाकाऊ तुकडे जोडा, दुसऱ्या दिवशी हाताने मोडा. लाकूड तुटलं आणि जोड शाबूत राहिला तर गोंद बरोबर निवडलाय. जोडातूनच सुटलं तर पॉलिश पेपर पुन्हा बाहेर काढा.