अंथरूण धरणे आणि सोडणे

मराठीत आजारी माणूस अंथरूण ‘धरतो’ आणि बरा झाला की ‘हिंडूफिरू लागतो’. बरे होण्याची खूण भाषेने चालण्यात पाहिली. वैद्यकाने मात्र बराच काळ विश्रांतीलाच औषधाचा मान दिला. अंथरुणात पडून राहण्याचे धोके रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४७ साली लिहून दाखवले.

त्याच वर्षी मुंबईत फातिमा इस्माइल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. त्यांची स्वतःची मुलगी या रोगाने अधू झाली होती. पुढे १९५२ हे वर्ष दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली असता ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून विद्यार्थ्यांच्या हातांनी रुग्णांना श्वास पुरवला. आजच्या अतिदक्षता विभागाची ही गंगोत्री. आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय उघडले. श्वास टिकवणारी विद्या आणि हालचाल परत आणणारी विद्या अशा रीतीने एकाच रोगाच्या छायेत वाढल्या.

पुढे त्यांची ताटातूट झाली. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला गुंगीत निश्चल ठेवण्याची रीत पडली. श्वास वाचे, स्नायू मात्र झिजत. २००९ साली अमेरिकेतील १०४ रुग्णांच्या चाचणीत गुंगी थांबवून पहिल्या दिवसांतच व्यायाम देण्यात आला. अशांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वावलंबी होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. पण २०२२ साली ७५० रुग्णांवरील चाचणीत नेहमीपेक्षा अधिक हालचालीचा लाभ दिसला नाही, उलट अपाय वाढले. तेव्हा प्रश्न घाईचा नसून तारतम्याचा आहे.

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याला विशेष लागू पडतो. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींतून उभे राहिलेले हे गाव आणि शेजारचे कारखान्यांचे अंबरनाथ, दोन्हींचे भांडवल मुख्यतः हातपायच. लोकलच्या दाराशी उभे राहता येत नसेल, तर बदलापूरच्या कामगाराची नोकरी कशी टिकणार? त्याच्यासाठी वाचलेला जीव आणि परत मिळालेले आयुष्य यांत मोठे अंतर उरते. त्या अंतराची नोंद मृत्यूच्या आकडेवारीत होत नाही. म्हणून रुग्णालयाच्या इतिहासात किती जण वाचले यासोबत, किती जण पुन्हा हिंडूफिरू लागले, हेही लिहिले गेले पाहिजे.