जस्त (झिंक): जुलाबाच्या गोळीपासून रोजच्या ताटापर्यंत

बाळाला जुलाब लागले की डॉक्टर ओआरएसबरोबर 14 दिवसांच्या छोट्या गोळ्या लिहून देतात. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबतात आणि उरलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात पडून राहतात. या गोळ्या जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या असतात आणि बाळ बरे दिसले तरी त्या पूर्ण द्यायच्या असतात. जुलाबात शरीरातील जस्त शौचावाटे निघून जाते आणि आतड्याचे अस्तर भरून येण्यासाठी नेमके तेच लागते. पूर्ण कोर्समुळे पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये ही शिफारस केली. सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यावी. मात्र ओआरएस बंद करून फक्त जस्त देऊ नका. जीव वाचतो तो ओआरएसने.

माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे 1960 च्या आसपासपर्यंत कोणी फारसे मानत नव्हते. इराणमधील शिराझजवळच्या खेड्यांत विशीतले तरुण दहा वर्षांच्या मुलांएवढे दिसत. वाढ खुंटलेली, वयात येण्याची चिन्हे नाहीत. त्यांचा आहार मुख्यतः गव्हाची रोटी. भारतीय वंशाचे डॉ. आनंद प्रसाद यांनी 1961 मध्ये यामागे जस्ताचा अभाव असावा असे मांडले आणि पुढे इजिप्तमधील अभ्यासात त्याला पुष्टी मिळाली. धान्यातील फायटेट जस्ताला आतड्यातच बांधून ठेवते.

भाकरी-चपाती-वरणावर जगणाऱ्या आपल्यासाठी हे महत्त्वाचे आहे. पोट भरलेले असूनही जस्त कमी पडू शकते. म्हणूनच आयसीएमआरने 2020 मध्ये पुरुषांसाठी रोज 17 आणि स्त्रियांसाठी 13.2 मिलिग्रॅम अशी बरीच जास्त गरज धरली आहे. भाकरी सोडायची गरज नाही. मटकी-मूग भिजवून मोड आणा, पीठ आंबवून इडली-आंबोळी करा. फायटेट कमी होते. तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, हरभरा, दूध, अंडी, मटण, खेकडे यांतून जस्त मिळते. कोकणातली कालवे तर या यादीत सर्वांत वर.

वारंवार संसर्ग, जखम लवकर न भरणे, केस गळणे, चव न लागणे ही कमतरतेची लक्षणे असू शकतात, पण प्रत्येकाची इतर कारणेही असतात. रक्ततपासणीही पूर्ण भरवशाची नाही, कारण ताप-संसर्गात रक्तातील जस्त तात्पुरते घटते. नखांवरचे पांढरे ठिपके मात्र सहसा किरकोळ माराचे असतात, जस्ताशी त्यांचा संबंध जोडू नका.

कोविडच्या काळात अनेकांनी 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या. प्रौढांसाठी सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला साधारण 40 मिलिग्रॅम मानतात. जास्त जस्तामुळे तांबे शोषले जात नाही. मग रक्तक्षय होतो, पायांना बधिरपणा येतो, चाल अडखळते. (विल्सन आजारात साचलेले तांबे रोखण्यासाठी हाच गुण औषध म्हणून वापरतात.) तुम्ही सिप्रोफ्लोक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन घेत असाल, तर ते आधी घ्या आणि जस्ताची गोळी किमान दोन तासांनी.