लोकवर्गणीची संकेतस्थळे आणि वर्णद्वेष

आंतरजालाच्या माध्यमातून असंख्य लोकांकडून लहान-लहान रकमा गोळा करण्याच्या पद्धतीस क्राऊडफंडिंग असे म्हटले जाते. वर्गणीची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. फरक इतकाच, की पावतीपुस्तक घेऊन दारात येणारा कार्यकर्ता ओळखीचा असतो आणि पैसा कोठे गेला, हे त्याला वर्षभर विचारता येते. संकेतस्थळावर देणारा व घेणारा एकमेकांस अनोळखी असतात. त्यांच्यामध्ये उभी असते ती एक कंपनी. अमेरिकेत २००८ मध्ये इंडिगोगो, २००९ मध्ये किकस्टार्टर आणि २०१० मध्ये गोफंडमी ही संकेतस्थळे सुरू झाली. या कंपन्यांनी वर्णद्वेषाबाबत कोणती जबाबदारी घ्यावी, हा वाद त्यानंतर अल्पावधीतच उभा राहिला.

वादाची ठिणगी पडली ती मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण डॅरेन विल्सन या गौरवर्णीय पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीबारात मृत्युमुखी पडला. विल्सन यांच्या समर्थनार्थ गोफंडमीवर उघडण्यात आलेल्या दोन पानांवर मिळून चार लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. देणगीदारांपैकी अनेकांनी रकमेसोबत उघडउघड वर्णद्वेषी मजकूर लिहिला होता. कंपनीने तो मजकूर काढून टाकला, मोहीम मात्र सुरू ठेवली. त्या काळी कंपनी प्रत्येक देणगीतून पाच टक्के शुल्क घेत असे. त्यामुळे द्वेषापोटी दिलेल्या पैशातील वाटा कंपनीने स्वीकारावा काय, असा प्रश्न नागरी हक्क कार्यकर्त्यांनी विचारला, आणि तो गैरलागू नव्हता. विल्सन यांच्यावर पुढे आरोप ठेवण्यात आले नाहीत, ही बाबही येथे नोंदविली पाहिजे.

एप्रिल २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनात वॉल्टर स्कॉट या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. आरोपी पोलिसासाठीचा निधी गोफंडमीने नाकारला. तो इंडिगोगोवर उभा राहिला. एका दाराने नकार दिला तर दुसरे दार उघडे असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. द्वेष, हिंसा व भेदभावाशी निगडित गुन्ह्यांतील बचावासाठी निधी गोळा करण्यास गोफंडमीच्या नियमांत आज बंदी आहे.

तथापि नियम लिहिणे सोपे आणि लागू करणे कठीण, याचा प्रत्यय जून २०२३ मध्ये फ्रान्समध्ये आला. नांतेर येथे नाहेल या १७ वर्षांच्या युवकाचा पोलिसाच्या गोळीबारात मृत्यू झाला. त्यानंतर अतिउजव्या गटाशी संबंधित जाँ मेसिहा यांनी त्या पोलिसाच्या कुटुंबासाठी निधी उभारला आणि काही दिवसांत १६ लाख युरोंहून अधिक रक्कम जमली. मृताच्या आईसाठी जमलेला निधी त्याहून कितीतरी कमी होता. पैसा न्यायालयीन बचावासाठी नसून कुटुंबासाठी असल्याने नियमभंग होत नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. शब्दशः ती बरोबर असेलही. परंतु कुटुंबाच्या नावाने नेमकी कोणती भावना गोळा होत आहे, हे नियमाच्या शब्दांत मावत नाही.

२०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथील गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात एका महिलेचा मृत्यू झाला. आरोपीसाठीच्या मोहिमा गोफंडमीने हटविल्या. त्याच वर्षी मुख्य संकेतस्थळांनी दूर केलेल्यांसाठी हेट्रिऑनसारखी वेगळी संकेतस्थळे निघाली होती. व्हिसाने सेवा थांबविताच हेट्रिऑनचा व्यवहार ठप्प झाला. म्हणजे खरी चावी बहुधा पैसा वाहून नेणाऱ्या कंपन्यांच्या हाती असते. त्यांची नावे मात्र या चर्चेत क्वचितच घेतली जातात. अँटी-डिफेमेशन लीग या अमेरिकी संस्थेच्या २०२३ मधील अहवालानुसार, २०१६ ते २०२२ या काळात अतिरेकी विचारांच्या ३२४ मोहिमांनी सुमारे ६२ लाख डॉलर जमविले. त्यातील बहुतांश रक्कम गिव्हसेंडगो या संकेतस्थळावरून आली.

याच संकेतस्थळावर मे २०२५ मध्ये मिनेसोटातील एका महिलेसाठी काही दिवसांत सहा लाख डॉलरहून अधिक निधी जमला. एका कृष्णवर्णीय बालकास उद्देशून तिने वापरलेल्या वांशिक अपशब्दाची चित्रफीत सर्वत्र पसरली होती. देणगीदारांच्या द्वेषपूर्ण मजकुरामुळे संकेतस्थळाला प्रतिक्रियांची सोय बंद करावी लागली. निधी सुरूच राहिला. फर्ग्युसनच्या वेळी स्वीकारलेला तोडगा ११ वर्षांनी पुन्हा वापरण्यात आला, इतकेच.

या संकेतस्थळांनी वर्णद्वेषाच्या बळींनाही मोठा आधार दिला आहे. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या कुटुंबासाठी एक कोटी ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यात वांशिक द्वेषातून एका भारतीय अभियंत्याची हत्या झाली, तेव्हा त्याच्या कुटुंबासाठीही लाखो डॉलर उभे राहिले.

मात्र गाजावाजा न झालेल्या गरजूंचे चित्र वेगळे आहे. प्रॉस्पर या कर्जाच्या संकेतस्थळाविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तत्सम पत असूनही छायाचित्रात कृष्णवर्णीय दिसणाऱ्या अर्जदारास कर्ज मिळण्याची शक्यता २५ ते ३५ टक्क्यांनी कमी आढळली. वैद्यकीय मदतीच्या मोहिमांविषयी अमेरिकेत झालेल्या २०२० च्या अभ्यासातही गौरेतर रुग्णांना तुलनेने कमी पैसा मिळाल्याचे दिसून आले. येथे कोणीही अपशब्द लिहिलेला नसतो, त्यामुळे काढून टाकण्याजोगेही काही नसते.

कायद्याचा विचार करता, अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातील कलम २३० नुसार वापरकर्त्याच्या मजकुरासाठी संकेतस्थळाला सहसा जबाबदार धरता येत नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ७९ मध्यस्थांना संरक्षण देते, परंतु ते सशर्त आहे. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक असून, तक्रारीची पोच २४ तासांत देणे अपेक्षित आहे; तिच्या निपटाऱ्यासाठी २०२१ मध्ये सर्वसाधारणपणे १५ दिवसांची मुदत ठेवण्यात आली होती. मोठ्या मोहिमेतील रक्कम अनेकदा पहिल्या चार-पाच दिवसांतच जमा होते.