बंबवाल्यांचें ऋण

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण सर्वांच्या तोंडीं असते. पण माणसें बहुधा तिच्या उलट वागतात. आणि शहरेंहि माणसांसारखींच वागतात. आगीपासून रक्षण करणारी व्यवस्था मुंबई शहरानें कशी उभारली आणि एका दुपारीं त्या व्यवस्थेची केवढी कठोर परीक्षा झाली, हा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

१८०३ सालीं मुंबईच्या किल्ल्याच्या आंत मोठी आग लागली आणि वस्तीचा बराच भाग जळून गेला. त्यानंतर किल्ल्याबाहेर नवी वस्ती वाढूं लागली. परंतु आग विझविण्याची कायमची व्यवस्था होण्यास आणखी पन्नास वर्षें जावीं लागलीं. १८५५ सालीं घोड्यांनीं ओढावयाचे बंब आले. ते चालविण्याचें काम पोलिसांकडे होतें. चोरांचा बंदोबस्त ज्यांनीं करावयाचा, त्यांनाच आगीची वर्दी येतांच बंबाबरोबर धांवावें लागे. १ एप्रिल १८८७ पासून हें खातें म्युनिसिपालिटीकडे आलें. पुढच्याच वर्षीं झालेल्या म्युनिसिपल कायद्यानें नगरसंस्थेचीं जीं आवश्यक कर्तव्यें ठरविलीं, त्यांत आगीपासून जीवित व वित्त यांचें रक्षण करणें हेंहि एक होतें. १८९० सालीं लंडनच्या दलांत तयार झालेला अधिकारी मुख्य म्हणून आला आणि खात्याला शिस्तीचें स्वरूप प्राप्त झालें.

या कायद्याचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. रस्ते झाडणें, पाणी पुरविणें, दिवे लावणें यांच्याच पंक्तीला आग विझविणें येऊन बसलें. नागरिक कर देतो आणि आपल्या दारीं आग लागली तर कोणी तरी येईल, असा भरंवसा बाळगतो. तो येणारा म्हणजे बंबखान्यांतला पगारी माणूस. इतरांनीं आगीपासून दूर पळावें आणि त्यानें आगीकडे धांवावें, असा हा करार आहे. या कराराची फार मोठी किंमत १४ एप्रिल १९४४ रोजीं द्यावी लागली.

दुसरें महायुद्ध चालूं होतें. फोर्ट स्टिकीन नांवाचें मालवाहू जहाज १२ एप्रिल रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें. इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालेल्या या जहाजांत सुमारें १,४०० टन दारूगोळा, लढाऊ विमानें आणि सोन्याच्या लगडी होत्या. वाटेंत कराचीला त्यांत कापसाच्या ८,७०० गांठी आणि तेलाचीं पिंपें चढविण्यांत आलीं. दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांत खालीं कापूस आणि वर स्फोटक द्रव्यें, अशी मांडणी झाली. एरव्हीं असा माल असलेल्या जहाजानें लाल निशाण लावावयाचें असे. युद्धकाळांत तें निशाणहि लावलेलें नव्हतें.

१४ तारखेला, शुक्रवारीं, भर दुपारीं शेजारच्या जहाजांवरील कांहीं जणांना या जहाजांतून धूर निघतांना दिसला होता. पण कोणीं वर्दी दिली नाहीं. दोनच्या सुमारास माल उतरविणाऱ्या मजुरांनीं धूर पाहिला आणि धांवाधांव सुरू झाली. प्रथम दोनच बंब आले. जहाजांत काय भरलें आहे हें कळतांच बंबवाल्यांच्या नायकानें मुख्य ठाण्याला निकडीचा निरोप धाडला. त्याबरोबर आणखी बंब निघाले आणि दलाचे मुख्य अधिकारी नॉर्मन कूम्स स्वतः गोदींत आले.

कापसाची आग मोठी फसवी असते. गांठ घट्ट दाबून बांधलेली असते. वरून पाणी ओतलें तर बाहेरचा थर भिजतो आणि आंतील विस्तव धुमसत राहतो. बंबवाल्यांनीं कोठारांत सुमारें ९०० टन पाणी ओतलें. पण आगीचें मूळ नेमकें कोठें आहे तें धुरामुळें दिसेना. उलट, सांचलेल्या पाण्यावर जळक्या गांठी तरंगूं लागल्या आणि वरच्या दारूगोळ्याच्या जवळ जवळ जाऊं लागल्या. म्हणजे विझविणारें पाणीच आगीला वर उचलीत होतें. जहाजाच्या पत्र्याला भोंक पाडून आंतल्या आगीपर्यंत पोंचावें, म्हणून गॅसनें पत्रा कापण्याचें यंत्र आणविलें. तें चाललें नाहीं.

या वेळीं धक्क्यावर अधिकाऱ्यांची वाण नव्हती. जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचा दारूगोळ्याचा जाणकार होता. जहाज बुडवावें असें एकाचें मत, तर तें समुद्रांत ओढून न्यावें असें दुसऱ्याचें. प्रत्येक मतांत कांहीं तथ्य होतें आणि प्रत्येकांत अडचणहि होती. परंतु सर्वांना बंधनकारक होईल असा हुकूम देण्याचा अधिकार कोणा एकाच्या हातीं नव्हता. सल्लामसलत चालली आणि घड्याळहि चाललें. त्या सबंध वेळांत एकाच मंडळींना आपलें काम काय याविषयीं संशय नव्हता. ते म्हणजे हातांत नळ धरून उभे असलेले बंबवाले.

तीन वाजून पन्नास मिनिटांनीं ज्वाळा वर उसळल्या आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. खलाशी उतरले. बंबवाल्यांनाहि जहाजावरून खालीं यावें लागलें. पण त्यांचे नळ चालूंच होते. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. गोदींतील घड्याळ त्याच वेळेवर बंद पडलें. सुमारें अर्ध्या तासानें दुसरा, पहिल्याहून भयंकर, स्फोट झाला. त्याचा धक्का दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. डझनभर जहाजें निकामी झालीं. जळता कापूस आणि तापलेलें लोखंड मांडवीच्या वखारींवर व घरांवर येऊन पडलें. सोन्याची एक लगड तर सुमारें मैलभर अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घरांत येऊन पडली; त्यानें ती प्रामाणिकपणें परत केली. मृतांचा आंकडा निरनिराळ्या अंदाजांप्रमाणें आठशें ते तेराशेंपर्यंत जातो. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते; आणखी ८३ जखमी झाले. कूम्स बचावले.

श्रोत्यांनीं पुढची गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. ज्या दलाचीं इतकीं माणसें घटकाभरांत नाहींशीं झालीं, त्याच दलाला त्याच संध्याकाळीं शहराच्या पूर्व बाजूस पसरलेल्या शेंकडों आगींशीं झुंजावें लागलें. लष्करी शिपाई व स्वयंसेवक मदतीला आले. आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले. पुढें हजारों माणसें सात महिने राबलीं, तेव्हां गोदी पुन्हा चालूं झाली.

सरकारनें चौकशी नेमली. कापूस व स्फोटकें एकत्र ठेवणें आणि प्रसंगीं निर्णय घेणारा एक अधिकारी नसणें, हे दोष चौकशींत उघड झाले. बंबवाल्यांच्या धैर्यांत उणीव नव्हती. त्यांना कामाला लावणाऱ्या व्यवस्थेंत होती. १८८८ च्या कायद्यानें आगीकडे धांवण्याचें कर्तव्य त्यांच्यावर सोंपविलें. पण मालाची खबर वेळेवर मिळणें, धोक्याची खूण दिसणें आणि ठाम हुकूम करणारा कोणी असणें, हीं त्या कराराची दुसरी बाजू होती. ती संभाळणें इतरांचें काम होतें.

१४ एप्रिल हा दिवस आतां सर्व भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून आठवडाभर आगीपासून बचावाचे धडे दिले जातात. फुलें वाहणें योग्यच आहे. पण जिन्यांत सामान न रचणें, वखारींत काय भरलें आहे तें न लपविणें, धूर दिसतांच दुसरा कोणी तरी कळवील असें न म्हणतां स्वतः वर्दी देणें, हें प्रत्येक घराला करतां येण्यासारखें आहे. त्या दुपारीं धूर पाहूनहि जे गप्प राहिले, त्यांच्यापैकीं एकानें जरी वेळेवर वर्दी दिली असती, तरी बंबवाल्यांच्या हातीं आणखी तासभर आला असता.