स्टीव्हन्सनच्या तोफा आणि मामांची हेराल्ड

आमच्या अप्पामामांकडे स्पोर्ट्स कार होती. निदान मामांचं तसं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढण्याइतका मोटारींचा अभ्यास अकोल्यात आमच्या माहितीत तरी कुणाचा नव्हता. बाकीच्यांच्या दृष्टीने ती एक जुनी, फिकट निळी, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड होती. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, पोट आत ओढून, देवळाच्या गाभाऱ्यात शिरतात तसं शिरावं लागे. बाहेर पडताना चप्पल हमखास आत राही.

मामांचा पुरावा मात्र पक्का होता. हेराल्ड इंग्लंडात निघाली १९५९ साली. तिचं रूप रेखाटलं इटलीतल्या ट्यूरिन गावच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने. १९६१ पासून मद्रासला ती तयार होऊ लागली. आणि १९६२ साली विलायतेत याच हेराल्डची चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तीच्या हातून, ट्रायम्फ स्पिटफायर नावाची उघडी, दोन माणसांची, खरीखुरी स्पोर्ट्स कार निघाली.

"म्हणजे स्पिटफायर ही हिची सख्खी धाकटी बहीण!" मामा बॉनेटवरून हात फिरवत म्हणत.

"असन नं," मामी म्हणायची, "एक विलायतेत पडली अन् एक अकोल्यात. नशीब ज्याचं त्याचं."

१९७८ च्या डिसेंबरात ही विलायती बहीण विकायचं ठरलं. बेबीताईचं लग्न जमलं होतं. गावातल्या एका अडत्याने गाडी पसंत केली, इसार दिला, आणि तो इसार त्याच संध्याकाळी सोनाराकडे पोचलाही. सोमवारी सकाळी गाडी न्यायला माणूस येणार होता. शनिवारी पहाटे मामांनी जाहीर केलं की आपण चिखलदऱ्याला जातोय. गाडी आली त्या दिवशी त्यांनी मामीला तसा शब्द दिला होता, आणि पुढची सगळी वर्षं तो शब्द गाडीसारखाच गॅरेजात उभा होता.

"अहो, दुसऱ्याची झाली ते आता," मामी म्हणाली. "वाटेत काही मोडलं-बिडलं त इसार कुठून वापस करान?"

हा प्रश्न मामांनी ऐकलाच नाही. ते चाकात हवा भरत होते.

वऱ्हाडातले मोठे रस्ते पूर्व-पश्चिम धावतात, कापूस आणि रेल्वे जाते तसे. त्यांवर गाडी चालवायला अक्कल लागत नाही, नुसता वेळ लागतो. उत्तरेकडचे रस्ते वेगळे. अकोल्याहून निघा नाही तर अमरावतीहून, दोन-तीन तासांत समोर एक निळी रेघ दिसू लागते, आणि ती रेघ म्हणजे सातपुडा आहे हे कळेपर्यंत रस्ता त्यात घुसलेला असतो. आम्ही मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा असे निघालो. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वे बरीच वाट सोबतीला होती. तिचं वाफेचं इंजिन पुढे १९९४ पर्यंत टिकलं. दर्यापूरच्या अलीकडे, कापसाच्या बंड्यांमागे अडकलेल्या आमच्या स्पोर्ट्स कारला शकुंतलेने मागे टाकलं. डब्यातल्या पोरांनी हात हलवले. मामांनी आरसा नीट केला, जणू काही बघायचं होतं ते मागेच होतं.

अंजनगावात बॉनेटमधून वाफ निघाली. हेराल्डचं बॉनेट अख्खंच्या अख्खं, मडगार्डांसकट, पुढे उलटतं. मामांनी ते उलटताच गाडीने जबडा वासल्यासारखं दिसलं आणि पाच मिनिटांत बाजार भोवती जमला.

"मालक, झाकन कुठी हाये?" मिस्त्रीने विचारलं.

रेडिएटरचं झाकण अकोल्यात, गॅरेजच्या खिडकीत होतं. पहाटे पाणी भरून मामांनी ते तिथे ठेवलं होतं. गाडीचा काडीचाही दोष नव्हता. मिस्त्रीने कुठलंसं ॲम्बॅसॅडरचं झाकण आणलं आणि आत सायकलच्या ट्यूबची चकती घालून ठोकून बसवलं. तो दहा म्हणाला, मामा पाच म्हणाले, तह सातावर झाला. मामा खुशीत येऊन म्हणाले, "पोट्टेहो, याच अंजनगावला ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ महाग पडला."

मामा इतिहासाचे वेडे. परतवाड्यापर्यंत त्यांनी सगळी मोहीम सांगितली. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या अडगावला आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनने, नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या. उरला गाविलगड. अहमदशहा बहामनीने १४२५ साली बांधलेला, चिखलदऱ्याच्या कुशीतला हा किल्ला तेव्हा भोसल्यांकडे होता आणि बेनीसिंग त्याचा किल्लेदार. वेलस्ली स्वतः दक्षिणेच्या बाजूला राहिला. खरी भिंत फोडायची होती उत्तरेकडून, आणि तिकडे जड तोफा न्यायचं काम मिळालं कर्नल स्टीव्हन्सनला. ७ डिसेंबरला तो अचलपूरहून धामणगावच्या वाटेने डोंगरात शिरला. रस्ता नव्हता, तो फौजेनेच करत जायचा होता. तीसेक मैल तोफा माणसांच्या हातांनी ओढल्या. १२ तारखेला त्या गडापुढे पोचल्या आणि १५ ला गड पडला. बेनीसिंग लढता लढता मेला.

"हातांनी?" मी विचारलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

"हातांनी," मामा म्हणाले, आणि धामणगाव गढी मागे टाकून घाट सुरू झाला.

ॲम्बॅसॅडरचं झाकण हेराल्डला मानवलं नाही. चौथ्या की पाचव्या वळणावर पुन्हा वाफ झाली. पाणी पुढच्या वळणावर होतं, नाल्यात. म्हणजे गाडी ढकलणं आलं. सगळ्यात हलकं माणूस मी, पण माझे पाय ब्रेकला पोचत नव्हते. माझ्याकडे चाकामागे दगड लावण्याचं काम आलं आणि जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेल्या मामीला पुढे बसवलं. "बाकी काही करू नकोस," मामांनी बजावलं, "मधला ब्रेक. तेवढा लक्षात ठेव."

मामा, बेबीताई आणि माझा मामेभाऊ जीव खाऊन ढकलू लागले. गाडी हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मामांचा चेहरा इंजिनाच्या रंगाचा झाला. शेवटी बेबीताईने खिडकीतून आत पाहिलं.

"आई, पाय कुठे आहे तुझा?"

"मधल्यावर नं. केव्हाची दाबून रायली मी. त्याहीनंच त सांगतलं!"

मामा दरीकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला बसले. मला वाटलं ते हसताहेत. मग बेबीताई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, लग्न साधंच करू," तेव्हा माझ्या लक्षात आलं की हसत नव्हते.

एवढ्यात वरून लाकडाच्या मोळ्या घेऊन चार-पाच कोरकू माणसं उतरली. त्यांनी काही विचारलं नाही. मोळ्या कडेला ठेवल्या, आपसांत काहीतरी बोलून हसले आणि गाडीला हात लावले. मामीने पाय उचलला. गाडी अशी निघाली की दगड घेऊन मला पळावं लागलं. नाल्यापाशी त्यांनी पाणीही आणून दिलं. पैसे घेतले नाहीत, संत्री घेतली, आणि मोळ्यांकडे परत खाली चालत गेले.

गाडी थंड होईपर्यंत मी मामांना विचारलं, "त्या तोफा ओढणाऱ्यांची नावं काय होती?"

मामांना सगळ्या तारखा पाठ होत्या. ते बराच वेळ झाकण घट्ट करत राहिले.

चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा अंधार झाला होता. थंडी अशी की दशम्या हातमोजे घालून खाव्यात. रविवारी सकाळी मामीने गाविलगड पाहिला, भीमकुंड पाहिलं, आणि परतताना गाडी उताराने खाली आणली गेली. मामी सारखी बजावत होती, "आता दाबा नं मधला!" सोमवारी अडत्याचा माणूस आला. झाकण मामांनी स्वतः बसवून दिलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते गॅरेज झाडायला लागले.

बेबीताईचं लग्न वैशाखात झालं, आणि साधं काही झालं नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. त्याची गिनीज बुकात नोंद आहे. म्हणजे साडेचार दिवस. स्टीव्हन्सनला तोफा घेऊन पन्नासेक किलोमीटरला साधारण तेवढेच लागले होते. तो रस्ता झाल्यावर बेबीताईच्या मुलाने नव्वदीला टेकलेल्या मामीला नव्या गाडीतून अमरावतीला आणलं. मामा तेव्हा नव्हते. दारात उतरताना मामीने गाडीकडे मागे वळून पाहिलं.

"आलो बी?" ती म्हणाली. "कोनाले हात लावाले बी नाही सांगतला!"