दोन खाचांच्या मधला आवाज: स्ट्रॅटोकास्टरच्या स्विचची २३ वर्षे

१/
१९५४ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिच्यावर तीन पिकअप होते आणि त्यांतला एक निवडण्यासाठी तीन खाचांचा स्विच. पुढे ज्या खास आवाजासाठी ही गिटार जगभर नावाजली गेली, तो मात्र या तिन्हींपैकी एकाही खाचेवर मिळत नसे. तो दोन खाचांच्या मधे होता, जिथे कारखान्याने दांड्याला थांबाच दिला नव्हता. हा थांबा अधिकृतपणे मिळायला १९७७ साल उजाडले. मधल्या २३ वर्षांत काय घडले, याचा हा थ्रेड.

२/
आधी थोडी पूर्वपीठिका. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वरची पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यांत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच पुढे अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. कोणतेही तंतुवाद्य घोडीजवळ छेडले की आवाज तीक्ष्ण येतो, मधल्या भागात छेडले की गोल येतो. पिकअपचेही तसेच आहे. ब्रिजजवळचा पिकअप टोकदार ऐकतो, मानेजवळचा मऊ. म्हणून एकाहून अधिक पिकअप बसवण्याची चाल पडली, आणि त्याबरोबर प्रश्न आला: कोणत्या वेळी कोणाचे ऐकायचे?

३/
लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले होते. गिटार त्याला वाजवता येत नव्हती, ही गोष्ट या कथेत फार महत्त्वाची आहे. निवडीच्या प्रश्नाकडे त्याने रेडिओवाल्याच्या नजरेने पाहिले आणि विद्युत उपकरणांसाठी तयार मिळणारा दांड्याचा स्विच उचलला. तो मिलवॉकीच्या सेंट्रलॅब या कंपनीचा होता. गिटारसाठी असा वेगळा स्विच त्याने घडवला नाही. बाजारात जे होते त्यातून काम भागवले.

४/
स्ट्रॅटोकास्टरच्या आधीची फेंडरची दोन पिकअपची गिटार म्हणजे १९५० ची ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीने आपल्या ड्रमच्या नावाशी साधर्म्य असल्याची हरकत घेतल्यावर १९५१ मध्ये तिचे नाव टेलिकास्टर झाले. १९५२ पासून तिच्या तीन खाचांची वाटणी आजच्या वादकाला चमत्कारिक वाटेल: एका टोकाला ब्रिजचा पिकअप, मधे मानेजवळचा, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा मानेजवळचाच, पण कपॅसिटरमधून गाळलेला, जाड आणि मंद. दोन्ही पिकअप एकत्र वाजतील अशी खाचच नाही! मंद आवाजाची ती खाच थेट १९६७ पर्यंत टिकली. त्या वर्षी मधल्या खाचेत दोन्ही पिकअप एकत्र आले आणि आज आपण पाहतो ती मांडणी रूढ झाली.

५/
दोन पिकअप एकत्र वाजवण्याची कल्पना तेव्हा कोणाला सुचलीच नव्हती, असे मात्र नाही. गिब्सनच्या १९५२ च्या लेस पॉलवर तीन स्थितींचा छोटा टॉगल स्विच होता: एका बाजूला ‘रिदम’, दुसऱ्या बाजूला ‘ट्रेबल’, आणि मधे दोन्ही. म्हणजे १९५४ मध्ये फेंडरने एका वेळी एकच पिकअप ठेवला, ही निवड होती. तांत्रिक अडचण तिच्या आड येत नव्हती.

६/
आता स्ट्रॅटोकास्टरचा स्विच उघडून पाहू, कारण सगळे रहस्य तिथेच आहे. त्यात दोन स्वतंत्र विभाग असतात. प्रत्येक विभागात एक सामायिक टोक आणि निवडीची तीन टोके. पहिल्या विभागाच्या तीन टोकांना तीन पिकअपच्या तारा डाखलेल्या. सामायिक टोकातून तार व्हॉल्यूमच्या नॉबकडे जाते. दुसऱ्या विभागात टोनचे नॉब जोडलेले: मानेजवळच्या पिकअपला एक, मधल्याला एक. ब्रिजच्या वाट्याचे टोक रिकामे! सर्वांत कर्कश पिकअपलाच टोनचा नॉब नाही, हा मूळ आराखड्यातला दोष अनेकांनी पुढे एक लहानशी तार डाखून स्वतःच दुरुस्त केला. मला तरी या गिटारच्या रचनेतली ही एकच गोष्ट निव्वळ निष्काळजीपणाची वाटते.

७/
दांडा हलला की आतली धातूची पट्टी एका टोकावरून दुसऱ्यावर सरकते. पट्टी पुरेशी रुंद असल्याने पुढचे टोक पकडल्यावरच ती मागचे सोडते. त्यामुळे आवाज मधे तुटत नाही. पण याचाच अर्थ असा, की त्या क्षणभरात दोन्ही पिकअप समांतर जोडणीत एकत्र वाजत असतात. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरचा नॉब दोन आकड्यांच्या मधे अडकवून ठेवणारे लोक आपण पाहिले आहेत. गिटारवाल्यांनी तेच केले. दांडा दोन खाचांच्या मधे अलगद तोलून धरला, की एक पोकळ, चमकदार, किंचित अनुनासिक आवाज येई. हाताचा जरा धक्का लागला की स्प्रिंग दांड्याला पुन्हा खाचेत ओढून नेई. मग कोणी आगकाडीचा तुकडा खुपसला, कोणी स्प्रिंग सैल केली, कोणी कानशीने खाचाच घासल्या. १९७० च्या एका मुलाखतीत एरिक क्लॅप्टनने आपण स्विच दोन पिकअपच्या मधे ठेवतो असे सांगितले. डायर स्ट्रेट्सच्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मधील मार्क नॉफ्लरचा वादनध्वनी हा या आवाजाचा बहुधा सर्वांत परिचित नमुना.

८/
या आवाजाला वादकांनी ‘आउट ऑफ फेज’ असे नाव दिले. हे नाव चुकीचे आहे, पण अजून टिकून आहे. खरोखर विरुद्ध कलेत जोडलेले दोन पिकअप एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात आणि उरतो तो अगदी पातळ, कृश आवाज. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनची लेस पॉल हे त्याचे अस्सल उदाहरण: तिच्या मानेजवळच्या पिकअपचे चुंबक उलटे बसलेले होते, त्यामुळे मधल्या स्थितीत तो विलक्षण ध्वनी येई. स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप मात्र एकाच कलेत असतात. फरक पडतो तो जागेमुळे. काही उपस्वरांसाठी तार एका पिकअपवर वर जात असते तेव्हा दुसऱ्यावर खाली येत असते. तेवढेच उपस्वर एकमेकांना छेद देतात, बाकीचे शाबूत राहतात. त्या पोकळपणाचे कारण एवढेच.

९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबावे. कारखान्याचे माहितीपत्रक आणि जोडणीचे आराखडे पाहिले तर १९५४ ते १९७७ या काळात हा आवाज अस्तित्वातच नाही. कागदोपत्री तीनच स्थिती आहेत. तो सापडतो ध्वनिमुद्रणांत, मुलाखतींतील ओझरत्या उल्लेखांत आणि जुन्या स्विचच्या झिजलेल्या खाचांत. आगकाडीचे तुकडे कोणत्याही दप्तरखान्यात जमा होत नाहीत. वापरणाऱ्यांचा इतिहास लिहायचा तर वस्तूच दस्तऐवज म्हणून वाचावी लागते.

१०/
सत्तरच्या दशकात सुट्या भागांच्या बाजारात पाच खाचांचे स्विच आले आणि १९७७ मध्ये फेंडरनेही तो कारखान्यातूनच बसवायला सुरुवात केली. लिओने कंपनी १९६५ मध्येच सीबीएसला विकली होती. सीबीएसच्या कारकिर्दीला जुन्या गिटारचे भक्त मनसोक्त नावे ठेवतात. पण वादकांचे हे म्हणणे मान्य झाले ते त्याच कारकिर्दीत. गंमत अशी, की विद्युतदृष्ट्या नव्या स्विचमध्ये नवीन काहीच नव्हते. तेच दोन विभाग, तीच तीन-तीन टोके, तीच रुंद पट्टी. भर पडली ती फक्त दोन खाचांची.

११/
पुढे मधला पिकअप उलट वेटोळ्यांचा आणि उलट चुंबकाचा बसवण्याची पद्धत रुळली. त्यामुळे मधल्या दोन स्थितींत विजेची गुणगुण बरीचशी नाहीशी होते. आवाजाचा पोकळपणा मात्र त्यातून येत नाही, तो आधीचाच. आज जुनी गिटार दुरुस्त करणाऱ्यापुढे दोन जाती असतात: धातूच्या उघड्या सांगाड्याचा स्विच आणि प्लॅस्टिकच्या बंद पेटीतला. दोहोंत टोकांचा क्रम वेगळा असतो. त्यामुळे एकाचा आराखडा पाहून दुसरा डाखला, तर भलताच पिकअप वाजतो किंवा काहीच वाजत नाही. लाकडातील खळगा किती खोल आहे, हेही आधी मोजावे लागते.

१२/
शेवटी थोडे गणित. तीन पिकअपचे एकूण संयोग सात होतात. पाच खाचांचा स्विच त्यांतले पाच देतो. राहतात दोन: मान आणि ब्रिज एकत्र, आणि तिन्ही एकत्र. क्वीनच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांसह घरीच गिटार घडवायला घेतली, तेव्हा निवडीचा एकच दांडा न ठेवता प्रत्येक पिकअपला चालू-बंदचा आणि कला उलटवण्याचा वेगळा स्विच दिला; शिवाय पिकअप एकसर जोडले. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमूरने आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर एक चिमुकला जादा स्विच बसवून घेतला. तो दाबला की मानेजवळचा पिकअप इतर कोणाच्याही जोडीला येतो, म्हणजे राहिलेले नेमके दोन संयोग मिळतात. ही गिटार २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली, तो जादा स्विच तसाच ठेवून.