पावसाचं शेपूट

आमच्या घरात विजेनं नेलेला माणूस एकच, माझे चुलत आजोबा. आजी तो दिवस सांगायची तेव्हा वादळ दोनच वाक्यांत उरकायची. रोहिणीतला वळीव, गारा, उडालेले पत्रे, संपलं. तिचा सगळा जोर असायचा त्यानंतरच्या घटकेवर. पाऊस ओसरला होता, नुसती भुरभुर उरली होती, आभाळाच्या कडेला उजेड फुटला होता. आजोबा लिंबाखालचे बैल सोडायला निघाले, आणि वीज पडली ती तेव्हा. म्हणून आम्हा पोरांना ती उंबऱ्यातच अडवायची, "पाऊस गेला म्हनू नगंस. त्याचं शेपूट अजून गावावरच हाय."

पुढे रडारची चित्रं पाहू लागलो आणि ते शेपूट मला खरोखर दिसलं. मोठ्या वादळी प्रणालीत पुढे तीव्र पावसाचा अरुंद पट्टा असतो. तिथे हवा इतक्या जोरात वर चढते की पाणी शून्य अंशाखालीही न गोठता वर जातं. त्या थरात मऊ गारा आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आदळतात. हलके स्फटिक साधारणपणे धनभार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात, जड गारा ऋणभारासह खाली राहतात. म्हणूनच विजेचा अंदाज घेणारा माणूस जमिनीलगतच्या पावसाआधी उणे 10 अंशांच्या वरचा थर तपासतो. तिथे रडारचे प्रतिध्वनी जोरकस झाले की वीज जवळ आली.

या पट्ट्यामागे पसरलेला ढग मात्र निवांत वाटतो. त्यातून हलका पाऊस झरत असतो आणि हिमकण वितळतात त्या उंचीवर रडारमध्ये एक चकचकीत आडवी पट्टी उमटते. पण पुढून वाहत आलेला आणि तिथेच तयार झालेला विद्युतभार या ढगात लांबच लांब थरांनी साचतो. इथे विजा विरळ पडतात. पडते ती अनेकदा धनभाराची असते आणि दांडगी असते.

हा ढग वीज किती दूर नेतो, ते जमिनीवरून कळणं अवघड होतं. 22 ऑक्टोबर 2017 ला अमेरिकेत पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीजवळपर्यंत एकच वीज 829 किलोमीटर धावली. मुंबईहून रेल्वेनं नागपूर गाठायला जवळपास एवढंच अंतर कापावं लागतं. गोज-16 या भूस्थिर उपग्रहावरच्या वीजमापकानं ती टिपली, आणि जागतिक हवामान संघटनेनं 2025 साली तिला विक्रम म्हणून मान्यता दिली. 18 जून 2020 ला उरुग्वे आणि उत्तर अर्जेंटिनावरची एक वीज तर 17 सेकंद चालली.

आजीचं आणखी एक सांगणं होतं, "मिरगाचा पाऊस बोलतो, आषाढाचा मुका पडतो." 1997 साली सुटलेल्या टीआरएमएम उपग्रहावर जपाननं बनवलेलं पर्जन्य रडार आणि वीजमापक शेजारी शेजारी होते, त्यामुळे एकाच ढगातला पाऊस आणि वीज सोबत पाहता आली. भर पावसाळ्यात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाऊस धो धो कोसळतो, पण ढग बहुतेक ठेंगणे असतात, गारांच्या थरापर्यंत फारसे पोचत नाहीत, आणि विजा कमी होतात. पावसाळ्याआधीचे ढग उंच चढतात, विजाही त्यांच्यातच जास्त. ज्या बाईनं जन्मभर आभाळाखाली काम केलं, तिचं निरीक्षण मला या नोंदींइतकंच मोलाचं वाटतं.

विजेनं भारतात दरवर्षी 2000 हून अधिक माणसं दगावतात, आणि त्यांतली बहुतेक शेतात, झाडाखाली असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप परिसरातल्या विजेचा इशारा देतं. ते मोबाइलवर घ्या, गावातल्या म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांनाही दाखवा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर निदान 30 मिनिटं पक्क्या घरातच थांबा. तोवर बैल सोडायला कुणाला पाठवू नका.